धुऱ्यापलीकडचा शेजारी

"शेजारी म्हणायचं, पर नजर ठेवायची..."

बाप सटवाजी जाऊन वर्षं लोटली होती, तरी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर पाय पडला की नर्मदेला त्याचा हा आवाज ऐकू यायचा. गावात शेजारी म्हणजे विरजण मागायला येणारी सुलाबाई. रानातला शेजारी मात्र दर साली नांगराच्या फाळानं धुरा कोरणारा, दुसऱ्याच्या वावरात शिरणारा. बापाच्या तोंडी तो शब्द थुंकल्यासारखा यायचा.

पेडगावच्या रानात तिचा शेजारी होता चंद्रभान. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात एका सकाळी ती अचानक आली, तर हा तिच्याच नांगरलेल्या वावरात ओणवा... हातानं माती सारत.

"काय करायलास?"

तो दचकला. "काटे वेचायलोय. अनवाणी फिरतीस ना."

"माझ्या पायांची लय काळजी?"

"शेजाऱ्यानं न्हाई करायची, तर कुणी?"

तो हसला. नर्मदेनं हसू ओठांतच दाबलं. गोड हसणाऱ्या शेजाऱ्याचा तर जास्तच संशय यावा.

"सोमवारी मोजणीदार येणार हाय," ती म्हणाली. "सेलूचं स्थळ आलंय मला. मागं आई एकटी. धुरा पक्का झालेला बरा."

चंद्रभानचं हसू मावळलं. "मोजणी... नको आणू, नर्मदे."

करडईची कोवळी भाजी धुऱ्यावर ठेवून जाणारा, तिच्या घागरीवर पळसाची पानं झाकणारा हाच... अन् हाच चोर?

"का? किती रान खाल्लंस आमचं?"

"मी न्हाई खाल्लं."

"मग कुणी?"

त्यानं पायानं माती बाजूला केली. खाली हद्दीचा जुना दगड होता — धुऱ्यापासून चांगला आत, तिच्या वावरात.

"काल तुमच्या नांगरानं उघडा पडला. तुझा बाप दर साली नांगराचं एक तास आमच्याकडं सरकला. आमच्या घरी ठाऊक न्हाई. कळलं तर भांडण... अन् मग तू या वाटेनं यायची न्हाईस."

नर्मदा खाली बसली. दगडावरची माती तिनं पदरानं पुसली.

"मोजणी होऊ दे. तुमचं ते तुमचं."

"अन् तू... सेलूला?"

ती मान वर न करता म्हणाली, "सेलूला मी परवाच न्हाई म्हणून कळवलंय. तू खोटा हायस का, तेवढंच बघायचं राहिलं होतं."