कोकमाचा तांब्या

कुंभिवलीच्या नाक्यावर पैज लागली. पोपट गॅरेजवाला म्हणाला, "सूनच माझ्या बायकोला मारायला टपलीय. खोटं निघालं तर लुगडं नेसून हितं वडे तळीन."

"लागली," शेजारचा बुधाजी म्हणाला आणि खोपोलीहून रूपाताईंना घेऊन आला. खासगी तपास करणारी बाई, बोलते कमी.

पोपटची बायको चंद्राबाई घराच्या ओट्यावर बसली होती. उजवा पंजा मनगटातून लोंबत होता. रक्तातली साखर काही केल्या उतरत नव्हती. इन्शुलिन सून टोचायची, अक्षदा.

"पाणी टोचते ती," पोपट म्हणाला. "उद्या माहेरी धाडतो. नातू हितंच ऱ्हाईल."

"मेडिकलवाला देतो तेच टोचते, मामा." अक्षदाचं रडून झालं होतं. आवाज कोरडा.

तिचा नवरा मनोज खाली बघत म्हणाला, "मी कंपनीत असतो. मला काय ठाव नाय."

रूपाताईंनी चंद्राबाईला विचारलं, "सकाळी उठून काय घेता?"

"कोकमाचं पाणी. रातीला तांब्यात भिजवते. साखरंवर चांगलं म्हणतात. बाकी कोण पीत नाय, लई आंबट."

पितळेचा तांब्या आतून चकचकीत होता.

"कल्हईवाला येतो अजून?"

"कुठला गं बाय. यांनीच केली गॅरेजात, दिवाळीला."

रूपाताईंनी आत बोट फिरवलं. बोट काळपट झालं. मग गॅरेजमागचा फुटक्या बॅटऱ्यांचा ढीग बघून आल्या.

"तांब्या मी नेते. रक्त तपासायला पाठवू. इंजेक्शन आता नर्सबाई देतील. सून तोवर इथंच."

पुढच्या आठवड्यात सगळे त्याच ओट्यावर बसले.

"नर्सबाईंनी नवी बाटली फोडून टोचलं," रूपाताई म्हणाल्या. "साखर तेवढीच. म्हणजे सून खरं बोलते."

"मग औषध लागू का पडंना?" बुधाजीला काही उमजेना.

"इन्शुलिन हे हार्मोन. यकृताच्या पेशींना ते निरोप देतं, साखर सोडू नका. शिसं अंगात भिनलं की तो निरोप पेशींपर्यंत नीट पोचत नाही. पंजाही शिशानंच लोंबतो. चंद्राबाईंच्या रक्तात शिसं भरपूर निघालंय."

"ते कुठनं आलं?"

"कल्हई कथलाची असते, तिनं बोट असं काळं होत नाही. शिशानं होतं. आंबट पाण्यात ते रातभर उतरतं. पाणी एकट्या चंद्राबाई पितात. आणि बॅटरीच्या पाट्या शिशाच्याच. पोपटराव, कल्हईला काय वापरलंत?"

पोपटनं गॅरेजाकडं बघितलं.

"कथील गावंना. बॅटरीचं शिसं बी चकाकत हुतं."

अक्षदा उठली आणि माहेरी जायला बांधून ठेवलेली पिशवी आत घेऊन गेली.

रविवारी पोपट लुगडं नेसून नाक्यावर कढईपुढं उभा राहिला. कासोटा अक्षदानंच खोचून दिला. टेंपोवाले फोटो काढत होते. बुधाजी हसायला गेला, पण हसू आलं नाही.

पहिला वडा चंद्राबाईच्या हातातून निसटून मातीत पडला. पोपटनं दुसरा मोडला, फुंकला, तिच्या तोंडात घातला. ती चावत राहिली.

"मामा," अक्षदा म्हणाली, "तेल तापलंय. पुढचे सोडा."