बाजूची सीट

"अहो... अहो, तो वॉकर माझा आहे!"

तिने हाक मारली तेव्हा तो दारापर्यंत पोचलाही होता. चांगला उंचापुरा माणूस, पण कमरेत पार वाकून चाललेला. फिजिओथेरपीच्या खोलीत भिंतीला सारखेच दोन वॉकर टेकवलेले होते. त्यातला तिच्या ठेंगण्या उंचीला लावलेला नेमका त्याने उचलला होता.

तो थांबला. वॉकरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तरीच! म्हटलं, ऑपरेशनने उंची वाढली की काय."

"काय करता हो तुम्ही?"

"टेलर आहे. पस्तीस वर्षं लोकांची मापं घेतोय."

"आणि हातातल्या वॉकरचं माप कळेना?"

"एरवी कळतं हो," तो शांतपणे म्हणाला. "आज लक्ष... जरा दुसरीकडे होतं."

व्यायाम करून घेणारी पोरगी खुदकन हसली. अठ्ठावन्न वर्षांच्या, आजी झालेल्या त्या बाईचे कान मात्र उगाचच गरम झाले.

तिचा उजवा गुडघा नवा, त्याचा डावा. दोघं समोरासमोरच्या खाटांवर झोपून टाच मागे ओढायची आणि कळवळायची. गुडघा किती अंश वाकला ते ती पोरगी मोजायची, आणि तो समोरच्या खाटेवरून परीक्षेचे मार्क विचारावेत तसं विचारायचा, "मॅडम, आज किती?"

"पंच्याऐंशी. तुम्ही?"

"एक्क्याऐंशी. शेजारी हुशार मुलगी बसली की आमचं हे असंच होतं."

घरी लेकीने बाळंतिणीचं करावं तसं आईचं केलं. बर्फाच्या पिशव्या, औषधांच्या वेळा, बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसणं... नात नुकतीच पाऊल टाकायला लागली होती, त्यामुळे त्या घरात एकाच वेळी दोघी चालायला शिकत होत्या. सोफ्यापासून टेबलापर्यंत नात आधी पोचली की टाळ्या, आजी आधी पोचली की त्याहून मोठ्या टाळ्या. कधीकधी ती डोळे मिटून मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानायची. डॉक्टरांचे, त्या पोरीचे, लेकीचे. आणि हो, अलीकडे एका टेलरचेही.

एकच गोष्ट अडून बसली होती.

बावीस वर्षं ती गाडी शिकवत होती. बाजूच्या सीटवर बसायचं, पायाखाली शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक, आणि शिकणारा गांगरला की तिचा उजवा पाय मनाच्याही आधी धावायचा. त्याच पायाचा गुडघा आता बदलला होता.

लेक म्हणाली, "आई, पुरे झाली गं दगदग. रविवारी एक जण गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला येतायत. तुला जमणार असेल तर मी त्यांना नको म्हणते, पण... जमेल का तुला?"

'जमेल' हा शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही.

डॉक्टरांनी तर नवव्या आठवड्यात परवानगी दिली होती. न दुखता, झटकन ब्रेक दाबता येतोय हे त्यांनी स्वतः बघितलं होतं. पण दवाखान्यात ब्रेक समजून फळी दाबणं वेगळं आणि रस्ता वेगळा. चार वेळा ती गाडीत बसली, किल्ली फिरवली, आणि तशीच उतरली.

शुक्रवारी व्यायाम संपल्यावर तिने हे त्याला सांगून टाकलं.

"मग बाजूला मी बसतो की!" तो म्हणाला. "माझा उजवा पाय धडधाकट आहे. मशीन चालवून चालवून तयार झालाय. तुमचा नाही पडला ब्रेकवर, तर माझा पडेल."

त्या सीटवर तिने आजवर कुणाला बसू दिलं नव्हतं. पण शनिवारी सकाळी तिने शेजारच्या मुलाकडून गाडी त्याच्या दुकानासमोर उभी करवून घेतली, शिकाऊ माणसासारखी आपली सीट सरकवली, आरसा लावला, पट्टा बांधला. तोही पाय सांभाळत, कण्हत-कुथत बाजूला बसला.

"ब्रेकवर लक्ष ठेवा हं!"

"डोळ्यांत तेल घालून."

आधी रिकामं मैदान. दोन फेऱ्या, तीन. मग शाळेमागचा रस्ता. क्लच सुटला, गाडी अलगद सरकली... बाजूला कुणीतरी आहे, या एका विचाराने तिचे खांदे सैल झाले. ती चक्क गुणगुणायला लागली.

आणि कोपऱ्यावर एक सायकल सपकन आडवी आली.

गाडी जागच्या जागी थांबली. सायकलवाली बाई दचकून, हात दाखवून निघून गेली.

"थँक्यू..." ती त्याच्याकडे वळली. "वेळेवर दाबलात हो. तुम्ही नसतात तर—"

"मी नाही दाबला."

"काहीतरीच!"

त्याने खाली बोट दाखवलं. त्याची सीट पार मागे गेलेली. ताठ गुडघा आत घेता यावा म्हणून बसताना त्याने ती शेवटपर्यंत ढकलली होती, आणि पाय ब्रेकपासून चांगला वीतभर लांब! हजार शिकाऊंच्या सीटा तपासणाऱ्या या बाईने बाजूची सीट मात्र बघितलीच नव्हती. तिथे नेहमी ती स्वतःच बसायची ना.

"तुम्हाला... कधी कळलं?"

"मैदानातून बाहेर पडल्यावर."

"आणि गप्प बसलात? वेड लागलंय का तुम्हाला! काही झालं असतं म्हणजे?"

"चुकलंच माझं. रागवा, हवं तेवढं रागवा." त्याचा एक हात अजून दाराचं हँडल घट्ट धरून होता. "सांगणारच होतो. तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात तुम्ही गायला लागलात... आणि मला वाटलं, या बाईला आता कुणी थांबवू नये."

ती भडकून आणखी काही बोलणार होती. पण नजर स्वतःच्या पायाकडे गेली. उजवा पाय अजून ब्रेकवर घट्ट रोवलेला होता. तिचाच पाय. मनाच्या आधी धावलेला.

तिला हसू फुटलं आणि रडूही, दोन्ही एकदम. त्याने खिशातून रुमाल काढून दिला.

गाडी कडेला घेऊन तिने लेकीला फोन लावला. "उद्याच्या माणसांना नको म्हणून सांग गं. हो... मीच चालवतेय. अगं रडतेस काय, वेडे! बरं, चहा टाक. येतेच आहे."

तो दाराकडे वळला. "चला, माझं काम संपलं. आता काही तुम्हाला बाजूला ब्रेक नको."

"ब्रेक नकोच आहे."

"मग?"

ती आरशात बघत राहिली. आरशात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"तुम्ही हवे आहात," ती म्हणाली. "आधी सीट पुढे घ्या. आणि घरी चला... लेकीला भेटवायचंय."

सीट खडखडत पुढे आली. त्याने पट्टा पुन्हा ओढून लावला. "कोण म्हणून सांगणार तिला?"

"तेच तर अजून ठरायचंय," तिने गाडी सुरू केली. "म्हणून लांबच्या रस्त्याने नेतेय."