गोदामाच्या भिंतीवरचा शड्डू

“दिसली! दिसली आणि गेलीसुदिक!” पंकजा ओरडली.

“कोन?” तिच्या धाकट्या भावाने, कल्याणने विचारलं, पण त्याची नजर भिंतीवरून हलायला तयार नव्हती. सोसायटीच्या गोदामाच्या पांढऱ्या भिंतीवर दोन पुरुष उंचीचे पैलवान भिडले होते. एकाने पाय घातला, दुसरा कोलमडला, आणि शिट्ट्यांनी सगळं पटांगण दणाणलं! वर अक्षरं झळकली : ‘रविवारी जंगी हगामा!’

“पाटी घेतल्याली पोरगी. पैलवानांच्या आधी आली आन् पळाली.”

“पैलवानांना बघून पळाली आसंल,” त्यांची मैत्रीण यशोधरा म्हणाली.

१९९६ सालची दिवाळीची सुट्टी होती. पाथर्डी तालुक्यातल्या धामणवाडीत टीव्ही अवघे चार, त्यामुळे भिंतीवरची हलती चित्रं बघायला रोज दिवेलागणीला सारं गाव लोटायचं. कुस्त्यांच्या हगाम्याच्या जाहिरातीसाठी सरपंच आबासाहेबांनी काचेवरची चित्रं भिंतीवर पाडणारं हे यंत्र कुठून पैदा केलं, ते कुणी विचारलं नव्हतं. फुकट ते पौष्टिक!

पंकजाचं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. सोमवारी ट्रक येणार होता. आप्पा आणि आई ऊसतोडीला निघणार, आणि त्यांच्यामागे पंकजा-कल्याणचीही वरात. गेल्या साली पाच महिने शाळा बुडाली होती. यंदा सातवीत पुन्हा बुडाली तर पुढचं काही खरं नाही, असं गुरुजींनी बजावलं होतं. पण पोरांना मागे ठेवायचं कुणापाशी? हा विषय निघाला की आई चूल फुंकायला बसायची, चूल पेटलेली असली तरी!

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तिघं थेट कानिफनाथच्या ओट्यावर पोचली. गावातली वायरिंगची कामं तोच करायचा आणि यंत्रही तोच चालवायचा.

“कानिफनाना, ती पाटीवाली पोरगी कोन हाय?” पंकजाने विचारलं.

“ती व्हय? यंत्रासंगं खोक्यात आल्याली काच हाय. लोकं पैलवानांची वाट बघत्यात, म्हनून सर्रकन पुढं सारतो.”

“खोकं बघू?”

“बघा. पन काचंला बोटं लावू नका!”

खोक्याच्या तळाशी घडी घातलेला सरकारी कागद होता. यशोधरा वाचू लागली : “‘ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह. यंत्रावर चित्रं दाखवून वस्तीवस्तीत प्रचार करावा. निदान वीस मुलं हवीत. नावनोंदणी शनिवारी, शाळेत.’ आगं, शनिवार म्हंजी उद्या!”

पंकजाने कागद ओढून पुन्हा वाचला. यंत्र पैलवानांसाठी आलंच नव्हतं!

तिघं धावतच आबासाहेबांकडे गेली. ते आखाड्यात तांबडी माती उकरून घेत होते.

“आलंय खरं तसं कायतरी,” ते म्हणाले. “कागद लावलाय की हापिसात!”

तिघांनी ग्रामपंचायतीच्या खिडकीतून डोकावलं. कागद लावला होता, हे खरं. पण त्याच खिळ्यावर कुणीतरी कॅलेंडर टांगलं होतं, आणि ऑफिसला दिवाळीचं कुलूप होतं.

“हगामा उरकू द्या, मग बघू,” तिघं परत आल्यावर आबासाहेब म्हणाले. “पोरी, एका येळी येकच कुस्ती लागती!”

पंकजा परत फिरली आणि चार पावलांवर थांबली. “येकच लागती ना? मग आपली आधी लावू!”

हगाम्यात ज्याला जोड, म्हणजे लढायला प्रतिस्पर्धी, मिळत नाही तो पैलवान हात वर करून, मांडीवर थाप मारत, म्हणजे शड्डू ठोकत, आखाड्यात फिरतो. त्याला जोड मिळेपर्यंत लोक आबासाहेबांनाही बसू देत नसत. पंकजाला नेमकं तेच हवं होतं!

कानिफनाथकडून दोन कोऱ्या काचा मागून आणल्या. चित्रकलेत यशोधराचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका काचेवर तिने दप्तरवाली मुलगी काढली, पण एका हाताची. दुसरा हात दुसऱ्या काचेवर काढला. ती काच खालीवर केली की हात वर जायचा आणि थाडकन मांडीवर यायचा. पैलवान असेच तर हलत होते!

संध्याकाळी पटांगण भरलं. कल्याण हळूच म्हणाला, “कानिफनाना, गोजरबाईच्या गाड्यावर भजी निघाली. यंत्राला आमी हाय की!”

“गरम हायती?” कानिफनाथ उठलाच. “पैलवानांचीच काच घाला बरं का!”

पंकजाने काचा बसवल्या. भिंतीवर मुलगी उभी राहिली. तिने हात उंच केला आणि शड्डू ठोकला. एकदा, दोनदा, तीनदा!

मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले. मग कल्याण बेंबीच्या देठापासून ओरडला, “हिला जोड द्या!”

सवयच ती! शंभर गळे गरजले, “जोड द्या! हिला जोड द्या!”

यशोधरा पिंपावर चढली आणि तिने तो कागद खणखणीत आवाजात वाचून काढला.

“आबासाहेब, आमाला का न्हाई सांगितलं?” गर्दीतून एक म्हातारी गरजली.

आबासाहेबांनी फेटा काढून डोकं खाजवलं. “कॅलेंडराखाली ऱ्हायलं,” ते पुटपुटले.

शनिवारी दुपारपर्यंत अठरा नावं झाली. पुढे आकडा हलेना. पंकजाचे आप्पा, भिमाजी, सकाळपासून शाळेसमोरच्या लिंबाखाली बसून होते. पोरांना मागे ठेवायचं म्हणजे काळजाचा तुकडा ठेवायचा. पंकजा त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

“भित्तीवर त्यो हात कोन हलवत हुतं?” त्यांनी विचारलं.

“मी, आप्पा.”

ते उठले, आत गेले आणि पंकजा-कल्याणच्या नावांपुढे दोन अंगठे उठवून आले. वीस!

रविवारी मानाची शेवटची कुस्ती झाली, तेव्हा आबासाहेबांनी तिघांना आखाड्यात बोलावलं. “चूक माझी हुती. ह्या हगाम्यातली पहिली कुस्ती ह्या पोरांनी मारली!” त्यांनी पंकजाच्या डोक्यावर फेटा बांधला. तो तिच्या नाकापर्यंत आला, आणि कानिफनाथने सगळ्यांत मोठी शिट्टी वाजवली.

सोमवारी ट्रक निघाला. पंकजाची आई लंकाबाई मागच्या फळीला धरून उभी होती. फुंकायला आज चूल नव्हती, त्यामुळे डोळे लपवता येईनात. ट्रक गोदामाला वळसा घालू लागला, तेव्हा तिने एक हात सोडला, उंच केला आणि थाडकन मांडीवर शड्डू ठोकला!

अख्खा ट्रक हसला. पंकजाला हसूही आलं आणि रडूही. तिने कल्याणचा हात घट्ट धरला, दुसरा उंच केला आणि आईला जोड दिली.