लांबून, पण लवकर

माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मी पहिल्याच भेटीत उठवलं. तो नवा कॅप्टन आहे, हे मला मागाहून कळलं. तोवर तो बाजूला उभा राहून डोळे बारीक करून हसत होता… आणि माझं कामात लक्ष लागत नव्हतं.

विमानांचे मार्ग आखणं हे माझं काम. बाकीचे वैमानिक वरच्या मजल्यावरच टॅबलेटवर मार्ग बघून सही करतात. हा मात्र दर वेळी जिने उतरून खाली यायचा. लिफ्ट बंद आहे का, असं मी एकदा विचारलं. पायांना व्यायाम होतो, म्हणाला. व्यायामाला नेमकी माझीच शिफ्ट कशी सापडते, हे मी विचारलं नाही.

मग जगाच्या दुसऱ्या टोकाच्या विमानतळासाठी थेट विमान सुरू व्हायचं ठरलं. साहेबांनी सर्वांत जवळचा मार्ग धरला होता, पण त्यावर समोरून वारा इतका, की वाटेत इंधनासाठी उतरावंच लागलं असतं. मी उत्तरेकडून वळसा घातला. अंतर पाचशे किलोमीटर जास्त, वेळ तासाभराने कमी. साहेबांनी मान्य केलं, पण विमान वाटेत उतरलं तर लांबचे मार्ग माझ्याकडून काढून घेईन, असंही सुनावलं.

कॅप्टन सहीला आला, तेव्हा मी आधीच बजावलं. "माझ्याकडे बघून सही करायची नाही. मार्ग बघून करा."

"आणि दोन्ही आवडले तर?"

"तर आधी मार्गाचं बोला."

तो खुर्ची ओढून बसला. वारा कुठे वळतो, हवा बिघडली तर कुठे उतरायचं, इंधन किती उरेल— सगळं खोदून खोदून विचारलं. मी एकदाही अडखळले नाही. खरं सांगते, कुणी माझ्या रूपाची तारीफ केली असती तरी इतकं बरं वाटलं नसतं. त्याने सही केली, आणि मग मी सांगितलं, की त्या विमानात माझी आई आहे. तिकडे ताईचे दिवस भरत आलेत, आणि गुडघ्यांमुळे आईला विमान बदलणं झेपत नाही.

"आधी का नाही सांगितलंत?"

"आईसाठी केलेली सही नको होती मला."

विमान गेलं. चौदा तासांचा प्रवास… मी पडद्यावर विमानाचा ठिपका बघत बसले. ते कुठेही न थांबता थेट पोचलं, तेव्हा साहेबांनी पुढच्या महिन्याचे सगळे लांबचे मार्ग माझ्या टेबलावर ठेवले.

थोड्या वेळाने आईचा फोन आला. उतरण्याआधी कॅप्टनने सगळ्या प्रवाशांना सांगितलं म्हणे, की हा मार्ग कुणी आखलाय, आणि असा नेटका मार्ग त्याला आजवर मिळाला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने आजूबाजूच्या सगळ्यांना सांगून टाकलं, ती माझी धाकटी.

"नंतर तो माझ्यापाशी आला," आई म्हणाली. "तुला मागणी घालू का, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, ती अख्ख्या जगाचे रस्ते आखते, तिचा रस्ता मी कशाला आखू? तिलाच विचार. घे, इथेच उभा आहे."

पलीकडे फोन त्याच्या हातात गेला.

"मग… विचारू?"

माझी मान आपोआप ताठ झाली. "समोर येऊन विचारा. परतीला वारा पाठीशी आहे, दोन तास लवकर पोचाल."

"आणि तेवढाही धीर नसला तर?"

"तर… हो," मी म्हणाले.