दाक्षायणीच्या तोंडचा फेस

दिव्याची वात जरा वर करा. आणि तो पाण्याचा तांब्या पलीकडे सरकवा, समोर नको.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा सोलापूरला होतो, न्यायवैद्यक शिकवत होतो. शिकवणं नावाला, खरा दिवस जायचा मढी फाडण्यात. बुडून मेलेल्यांवर मी एक शोधनिबंध लिहिला होता आणि मुंबईच्या एका नियतकालिकाकडे पाठवला होता. तिथल्या तज्ज्ञाने तो तपासून परत धाडला, तो लाल शाईने माखून. त्याचं म्हणणं असं, की फुप्फुसात पाणी सापडलं म्हणजे माणूस बुडून मेला असं होत नाही. मेलेल्याला विहिरीत टाकलं तरी पाणी आत शिरतंच. पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ हाडातल्या मज्जेत सापडलं तर गोष्ट खरी, कारण तिथवर ते पोचायला हृदय चालू असावं लागतं. निदान एकाची तरी मज्जा तपासा आणि निबंध सुधारून पाठवा.

म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मला त्या माणसाचा राग आला. मुंबईत पंख्याखाली बसून लिहायला काय जातं? माझ्या निबंधातली सगळी मढी कधीच जळून राख झाली होती.

एक दाक्षायणी सोडून. होटगीच्या अलीकडच्या एका खेड्यातली ती सून, लिंगायत घरातली. त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात, तेही मांडी घालून बसवून. दोन वर्षांपूर्वी ती सासरच्या विहिरीत सापडली होती. पोरीला मारून मग पाण्यात टाकली, असा अर्ज तिच्या आईने, दानम्माने, केला होता आणि तो तहसिलीत धूळ खात पडला होता. मी खटपट करून तो वर काढायला लावला. उपकार म्हणून नव्हे, मला हाड हवं होतं.

मढं उकरायच्या आदल्या दिवशी दानम्मा मला भेटायला आली. नऊवारीचा पदर तोंडाशी धरून दारातच उभी राहिली.

"पाण्यात पडली तवा माझी लेक जित्ती हुती का न्हाय, येवढंच सांगा मला."

तिचं सगळं त्यावर अडलं होतं. जिवंत असेल तर पोरीने अंगावरचं लेकरू टाकून स्वतः उडी घेतली. नसेल तर सासरच्यांनी मारली. दोन्हींतलं कुठलं तरी एक मानून तिला रडायचं होतं. हाडावरून कळेल, असं मी तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिला पुरलं होतं त्या रानात गेलो. त्या साली पाऊस नव्हताच. गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या, ज्या विहिरीत ती सापडली त्या विहिरीत आता शेरडं उतरायची. नायब तहसीलदार नाकाला रुमाल लावून लिंबाखाली बसले. संगप्पा नावाचा गडी कुदळ मारत होता आणि ढेकळं दगडासारखी उडत होती. खड्ड्याच्या पोटात एका बाजूला कोनाडा असतो, त्यात मढं बसवतात. संगप्पाने त्याच्या तोंडावरची फरशी सरकवली.

कोरडा, कुबट वास येईल म्हणून मी तयारीत होतो. आला तो ओला वास… माठाच्या बुडाशी साचलेल्या बुळबुळीत गाळाचा, त्यात काहीतरी आंबलेलं.

ती बसलेली होती. हाडांना चिकटलेलं काळं कातडं, वाळून वाकलेली मान. आणि तोंडावर फेस होता. पांढराशुभ्र, रिठ्याच्या पाण्यावर येतो तसा बारीक, ताजा. मी कापसाने पुसला. तो हळूहळू पुन्हा वर आला. पुन्हा पुसला… पुन्हा आला. बुडालेल्यांच्या तोंडाला असा फेस मी कितीदा पाहिला होता, पण तो दिवसा-दोन दिवसांच्या मढ्याला. सडण्याचा वायू म्हणावं, तर हिच्यात सडायला काही उरलंच नव्हतं.

संगप्पा कुदळ टाकून वर चढला. दानम्मा काठावरून वाकून बघत होती.

"त्यो फेस कशाचा, सायेब?"

मला घाई होती आणि तो वास नकोसा झाला होता. मी जे वर्गात सांगायचो तेच सांगून टाकलं, की पाणी आणि श्वास एकमेकांत घुसळले गेले तरच असा फेस होतो. म्हणजे पडली तेव्हा ती जिवंत होती.

दानम्माने माझ्या हातातल्या कापसाकडे पाहिलं, मग लेकीच्या तोंडाकडे. तिथे तो पुन्हा भरून आला होता.

"म्हंजे… अजून बुडतीयाच की ती."

मी करवत काढली. म्हातारी खाली उतरली, लेकीपाशी बसली. तिचं डोकं पुढे वाकवून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटू लागली, नाकातोंडात पाणी गेलेल्या पोराला थोपटतात तसं. "बिडु, मगळे, बिडु…" सोड बाळ, सोड, असं कानडीत पुटपुटत.

आणि पाणी आलं. आधी हिरवट धार, मग भडाभडा. माणसाच्या पोटात आणि फुप्फुसात किती मावतं ते मला ठाऊक आहे, मापून पाहिलेलं आहे. हे थांबेना. मी करवत घेऊन मांडीच्या हाडावर वाकलो होतो, एक शिंतोडा थेट माझ्या ओठांवर उडाला. खड्ड्यातून कसाबसा वर आलो आणि तिथेच ओकलो. नायब तहसीलदार केव्हाच जीपकडे निघाले होते, पंचनामा हापिसात लिहू म्हणत. करवत खालीच राहिली. निबंधही तसाच राहिला, त्या लाल शाईसकट.

"तुमी जावा," दानम्मा मान वर न करता म्हणाली. पाणी तिच्या मांड्यांपर्यंत चढलं होतं. "समदं निगाल्याबिगर मी न्हाय उठत."

मी जीपपाशी पोचलो तर समोरून, उन्हाने पेटलेल्या रानातून, बायका येत होत्या. कडेवर रिकाम्या घागरी. पाणी लागल्याची बातमी संगप्पाने गावात नेली होती. मी हात पसरून आडवा उभा राहिलो, ते पाणी पिण्याचं नाही, आत मढं आहे, असं सांगत सुटलो. त्या मला वळसा घालून पुढे गेल्या. शेवटची एक म्हातारी तेवढी थांबली.

"खारं हाय का गोडं, तेवढं सांगा की."

माझ्या ओठांवरची चव अजून गेली नव्हती.

"गोड आहे," मी म्हणालो.