कुंद्याचं पेर

रझाकारांची धामधूम अजून दूर होती, त्या सालांतली गोष्ट. वैशाखात गोपिकाबाई पहार खांद्यावर टाकून हसनाबादच्या शिवारात कुंदा खणायला निघाली. कुंदा मोठं चिवट तण. वरून कितीही कापा, काळ्या मातीत कमरेइतका खोल तो निवांत पसरत असतो. बोटभर पेर मागं राहिलं तरी पावसाळ्यात पुन्हा हजर.

खणणं हे दोघांचं काम. एकानं पहार रेटायची, दुसऱ्यानं ढेकूळ उचलून उलथायचं. ती आणि तिचा नवरा सांडू खणायला लागले की गावात त्यांच्या तोडीचं कुणी नसे. तीन वर्षांमागं सांडू पटकीच्या साथीत गेला. त्या उन्हाळ्यात तिनं एकटीनंच पहार रेटली, आणि भर दुपारी खालून कुणीतरी ढेकूळ वर लोटलं. अलगद, तिच्या पायाला लागू नये अशा बेतानं. सांडूची रीतच ती.

ती घाबरली नाही, पोटभर रडली मात्र. तेव्हापासून दर साली एक पेर ती मुद्दाम मातीत ठेवी. रान स्वच्छ झालं तर पुढच्या वर्षी खणायचं काय, अन् भेटायचं कुणाला?

यंदा तिचा दीर इंद्रभान हटून बसला. त्याला तिथं कापूस पेरायचा होता. तो सोबत आला आणि एकेक पेर वेचू लागला, तशी गोपिकाबाई कासावीस झाली. दुपारी वारा पडला. ती बाभळीखाली पाणी प्यायला गेली आणि परतली, तर इंद्रभान खड्ड्यात गुडघ्यांवर बसून वेचलेली पेरं पुन्हा मातीत दाबत होता.

"भावजी, काय करून राह्यले?"

"दादा हाय खाली, वैनी…" तो पेर दाबता दाबताच बोलला. "म्या पहार टेकवली बी न्हाई, अन् ढेकूळ वर आलं."

आपल्यासारखंच आणखी कुणाला तरी कळलं, याचं तिला केवढं बरं वाटलं. तिनं त्याला घाबरू नका म्हणून सांगितलं. तो मात्र तिच्या रिकाम्या मनगटांकडे बघत राहिला.

"पर दादा एकटा न्हाई… खाली बांगड्या वाजल्या."

गोपिकाबाई खड्ड्यात उतरली आणि नुसत्या हातांनी माती उकरू लागली. तिचं रिकामं मनगट मातीत गेलं की आतून बांगड्या वाजत. बाहेर काढलं की गप्प.