खिडकीजवळची खाट

साइव्हबाईंनी तिसऱ्यांदा चहा ओतला आणि तिसऱ्यांदा तो प्यायला विसरल्या.

"पाचच्या बसने पोरीला घरी पाठवतायत," त्या म्हणाल्या. "माझी एडीन चोर नाही. तेवढं सिद्ध करून द्या."

फिआख्राने घड्याळ पाहिलं. एक वाजला होता. जन्मभर बस चालवलेला माणूस तो, वेळ टळत चालली की त्याला एका जागी बसवत नसे. त्याची मेहुणी डर्वला, गॉलवे शहरातली खासगी गुप्तहेर, मात्र साइव्हबाईंच्या हातांकडे पाहत स्वस्थ बसली होती. ते हात एप्रनला पीळ घालत होते.

कॉनेमाराच्या त्या किनाऱ्यावर दर उन्हाळ्यात शहरांतली पोरं आयरिश शिकायला येत, गावातल्या घरांत राहत आणि तीन आठवडे दुसरी भाषा तोंडातून काढत नसत. ज्यांना झेपत नसे त्यांचा खर्च सरकार उचले. सोळा वर्षांची एडीन डब्लिनहून आली होती ती अशीच, आणि साइव्हबाईंकडे राहत होती. उद्याच्या तोंडी परीक्षेत जो पहिला येईल त्याला सरकार अख्खं वर्ष याच गावात ठेवून शाळेत घालणार होतं. एडीन पहिली येणार हे सारं गाव धरून चाललं होतं.

आणि परवा परीक्षेच्या विषयांचं सीलबंद पाकीट मुख्याध्यापकांच्या खोलीतून गेलं. आज सकाळी त्यांच्या दाराखालून निनावी चिठ्ठी आली : 'एडीनच्या खाटेत शोधा, खिडकीजवळच्या.' शोधलं, तर गादीखाली पाकीट, सील फोडलेलं.

डर्वला आधी वर गेली. खोलीत दोनच खाटा. खिडकीच्या फटीतून समुद्राचा ओला वारा शिट्टी घालत होता. खिडकीजवळच्या खाटेखाली चिखलाचे बूट होते आणि उशाशी मेयो परगण्याचा फुटबॉलचा शर्ट. भिंतीकडच्या खाटेच्या फळीवर दम्याचा पंप होता. फिआख्राने हे सगळं पाहिलं आणि नेहमीप्रमाणे त्यातून काहीच काढलं नाही.

त्या खोलीतल्या दोघी मुली जिन्यावर बसल्या होत्या. मेयोची गॉर्मला नखं कुरतडत होती. एडीन खोकत होती.

"तुझी खाट कुठली गं?" डर्वलाने विचारलं.

"यादीत असेल ती," एडीन म्हणाली आणि गॉर्मलाचा हात तिने घट्ट दाबला. पुढे तिने ब्र काढला नाही.

कसली पोरगी ही, फिआख्राला चीड आली. गळ्याशी आलंय आणि तोंडाला कुलूप.

शाळेत मुख्याध्यापक कोहल मास्तर पार खचलेले दिसले. एडीनसाठी सरकारकडे शब्द त्यांनीच टाकला होता. यादी त्यांनी कुलपातून काढून दाखवली. कोणत्या घरात, कोणत्या खाटेवर कोण झोपतं, सगळं त्यात होतं. एडीनच्या नावापुढे 'खिडकीजवळ' लिहिलेलं होतं.

"हिच्या प्रती किती?" डर्वलाने विचारलं.

"दोनच. दुसरी तपासनीस टायगसाहेबांकडे, डब्लिनला. यादी लिहितो आमच्या शाळेतला शिक्षक डोनखा. पहिल्याच दिवशी घराघरातून सह्या घेतो." मास्तरांनी आवाज उतरवला. "साइव्हला गेल्या साली एक ताकीद मिळालीय. यादीत पुन्हा फरक निघाला तर त्या घराला पोरं मिळायची बंद. नवरा गेल्यापासून तिचं घर यावरच चालतं हो."

डोनखा सर अदबीने बोलले. संध्याकाळच्या नाचाला सगळी पोरं आणि घरमालकिणी सभागृहात असतात, घरं उघडीच असतात, कोणीही आत जाईल, असं त्यांनी आपणहून सांगितलं. हजेरी दारातच घेतो आणि मी मोकळा होतो, म्हणाले. गुणांत दुसरा कोण, यावर मात्र ते जरा अडखळले. दुसरा त्यांचाच भाचा होता.

बाराच्या गाडीने टायगसाहेब येऊन पोहोचले होते. साडेतीन वाजता डर्वलाने सगळ्यांना साइव्हबाईंच्या स्वयंपाकघरात बसवलं. फिआख्राची नजर घड्याळावरून हटत नव्हती.

"पाकीट एडीनच्या खाटेत सापडलंच नाही," डर्वला म्हणाली. "दमेकरी पोरगी त्या वाऱ्यात झोपेल कशी? तिचा पंप भिंतीकडे आहे. खिडकीशी गॉर्मला झोपते. पहिल्याच रात्री खाटा बदलल्या, यादीवर सह्या झाल्यानंतर."

"मग चोर गॉर्मला!" फिआख्रा म्हणाला.

"भाऊजी, स्वतःच्या गादीखाली चोरीचा माल ठेवून कोणी चिठ्ठी पाठवतं का? चिठ्ठी लिहिणाऱ्याला ती खाट एडीनची वाटत होती. या घरात राहणाऱ्या कुणाची ही चूक होणार नाही. ही चूक यादीवरून चालणाऱ्याची. यादी तिघांना माहीत. साहेब आज आले. मास्तरांनी स्वतः पोरीसाठी धावपळ केली, ते कशाला तिचा घात करतील? उरले डोनखा सर, हजेरी घेऊन मोकळे होणारे."

"तो पोरगा वर्षभर घासतोय," डोनखा सर म्हणाले. "त्याला असल्या मदतीची गरज नाही."

टायगसाहेबांनी यादी पुढे ओढली. "पण खाटा बदलल्या याला पुरावा काय? पंप कुठेही ठेवता येतो. कोणी सांगणारं आहे?"

"नाही बदलल्या," एडीन घाईने म्हणाली. "मी खिडकीशीच झोपते."

आत्ता कुठे फिआख्राच्या डोक्यात प्रकाश पडला. पोरगी सकाळपासून या घरासाठी गप्प होती. आणि साइव्हबाईंना हे सकाळपासून ठाऊक होतं. खाटेचं नाव न घेता चोर सापडावा, म्हणून तर त्यांनी गुप्तहेर बोलावली होती. डर्वला फक्त साइव्हबाईंकडे पाहत राहिली. फिआख्राला ते बघवेना.

साइव्हबाईंनी एप्रन सोडून टेबलावर ठेवला.

"ती खोटं बोलतेय, साहेब. खाटा मीच बदलल्या. पहिल्याच रात्री पोरीला धाप लागली होती. यादी दुरुस्त करायला मी भ्यायले, आणि सकाळी खरं सांगायलाही भ्यायले."

टायगसाहेबांनी डोनखा सरांकडे पाहिलं, तशी सरांनी मान खाली घातली. मग साहेबांनी लिहिलं. एडीनची परीक्षा उद्या होईल. आणि या घरात पुढच्या उन्हाळ्यापासून मुलं ठेवली जाणार नाहीत.

एडीन रडायला लागली. "मावशी, कशाला बोललीस गं?"

"गप्प," साइव्हबाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "वर्षभर गावात राहणार आहेस ना? रविवारी जेवायला इथेच यायचं. त्याला कुणाची यादी लागत नाही."